हिरव्या गोळ्यांचा हिशोब : अल्फाल्फावर वाचकांचे प्रश्न

यावेळी एकाच विषयावर इतके मेसेज आणि चिठ्ठ्या आल्यात की अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. नाशिकमध्ये सध्या ज्याच्यात्याच्या घरी ती हिरवी डबी दिसते, कुणाला भिशीतल्या मैत्रिणीने दिली, कुणाला जिमच्या ट्रेनरने, कुणी रात्री अकरा वाजता रील बघून ऑनलाइन मागवली. ज्यांना हे प्रकरण माहीतच नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास, जांभळ्या फुलांचा, सिन्नर-निफाडकडे दुभत्या जनावरांना घालतात तोच. त्याची पानं वाळवून पावडर, गोळ्या, कॅप्सूल करतात, बियांना मोड आणून सॅलडमध्ये घालतात आणि होमिओपॅथीच्या दुकानात त्याचं टॉनिक मिळतं. या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकीचे गुण दुसरीला चिकटवले की गोंधळ होतो आणि विकणारे नेमकं तेच करतात. पत्रं थोडी कापलीत, नावं मुद्दाम घातली नाहीत.

प्रश्न : नमस्कार ताई, वय 42, इंदिरानगरला राहते. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.8 आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या पण पोट साफच होईना आणि शी एकदम काळी व्हायला लागली म्हणून घाबरून बंद केल्या. आमच्या भिशीतल्या एक ताई अल्फाल्फाच्या गोळ्या देतात, त्या म्हणतात रोज दहा घे, तीन महिन्यात तेरावर जाईल, नैसर्गिक आहे साइड इफेक्ट नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांऐवजी हे घेऊ का?

उत्तर : नको. ऐवजी तर अजिबात नको.

आधी आपण दोघी मिळून हिशोब करू, कारण या सगळ्या डब्यांवर शंभर ग्रॅमचे आकडे छापलेले असतात आणि खातो आपण चिमूटभर. एक गोळी साधारण 500 मिलिग्रॅमची धरली तर दहा गोळ्या म्हणजे 5 ग्रॅम वाळलेला पाला, चहाचा एक चमचा. तेवढ्या पाल्यात लोह फार फार तर एक-दोन मिलिग्रॅम, तेही घास कुठल्या मातीत वाढला त्यावर कमीजास्त. त्यातलं अंगी लागणारं दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, कारण पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2020 च्या तक्त्यानुसार तुमच्या वयाच्या बाईला रोजच्या जेवणातूनच 29 मिलिग्रॅम लोह लागतं, आणि डॉक्टर देतात त्या एका गोळीत बहुतेकवेळा 60 ते 100 मिलिग्रॅम असतं. आता तुम्हीच सांगा, 9.8 वरून तेरावर कोण नेणार.

दुसरं, शी काळी होणं हे लोहाच्या गोळीचं ठरलेलं लक्षण आहे, त्याला घाबरायचं काही नाही, हे डॉक्टरांनी सांगायला हवं होतं पण ओपीडीत तेवढा वेळ कुणाला असतो. (गोळी चालू नसताना शी डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल तर मात्र लगेच दाखवा, ते वेगळं.) बद्धकोष्ठाचा त्रास खरा आहे, त्याला कमी लेखत नाही, पण त्यावर उपाय आहेत. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की गोळी दिवसाआड चालेल का, हल्ली बऱ्याच जणींना तशीच देतात आणि दिवसाआड घेतल्यावर लोह उलट बरं शोषलं जातं, किंवा दुसऱ्या प्रकारचं लोह देता येईल का. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-कॉफी-दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. नीट चालू राहिली तर महिनाभरात हिमोग्लोबिन एखाद पॉइंट तरी वर यायला हवं, आणि आकडा नॉर्मलला आला म्हणून लगेच बंद करायची नाही, साठा भरायला अजून काही महिने लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंच नाहीये, पाळी कशी आहे? बेचाळिसाव्या वर्षी 9.8 म्हटलं की मी आधी हेच विचारते. जास्त जात असेल, गाठी असतील, मूळव्याधीचं रक्त जात असेल तर खालून गळतंय आणि वरून भरतोय असं होतं, मग लोह घ्या नाहीतर अल्फाल्फा घ्या. बी12 पण तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल तर. अल्फाल्फात बी12 असतं असं त्या ताई म्हणतील, बऱ्याच जाहिरातीत तसं असतं, पण कुठल्याही पाल्यातल्या बी12 वर विसंबून राहता येत नाही. त्या दहा गोळ्यांचे महिन्याचे पैसे वाचवा आणि बुधवारी गंगेवरच्या बाजारातून मेथी, राजगिरा, अंबाडी, शेवग्याचा पाला आणा, वर लिंबू पिळा, बाजरीची भाकरी खा, जमलं तर हळिवाचे लाडू. त्यानेही एकट्याने 9.8 चं तेरा होणार नाही, पण गोळ्यांच्या जोडीला ते खरंच उपयोगी आहे.

प्रश्न : मी 67 वर्षांचा, सिडकोत राहतो. हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे, दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) तपासतो. मुलाने पुण्याहून अल्फाल्फा पावडर आणून दिली, दोन चमचे रोज घेतोय, यावेळी आयएनआर 1.6 आला, डॉक्टर विचारतायत गोळी चुकली का. चुकली नाही. काही संबंध असेल का?

उत्तर : काका, पावडर आजपासून बंद आणि हे वाचून झाल्यावर डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. संबंध असायची दाट शक्यता आहे. या घासाच्या पानात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि तुमची गोळी (वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल असेल, पाकिटावर बघा) नेमकी व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करून रक्त पातळ ठेवते. तुम्ही एका हाताने गोळी घेताय आणि दुसऱ्या हाताने तिचा असर काढून घेताय. कृत्रिम झडप असताना आयएनआर खाली राहिला तर झडपेवर गुठळी होऊ शकते, म्हणून घाई करायला सांगतेय. आणि फोनवर हे पण सांगा की पावडर बंद केली, कारण आता आयएनआर वर जाईल, मधल्या काळात कुणी गोळीचा डोस वाढवला असेल तर तो जास्त होऊन बसेल.

पालेभाज्या बंद करायच्या का, हा प्रश्न तुमच्यासारखे सगळेच विचारतात. नाही करायच्या. आठवड्याला जितक्या खाता तितक्याच खात राहा, एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढचे दोन आठवडे शून्य असं नको.

हे सगळं अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलवाल्यांना लागू नाही, त्या गोळ्या वेगळ्या पद्धतीने काम करतात. पण लोक सगळ्यांनाच "रक्त पातळची गोळी" म्हणतात, त्यामुळे आपली कुठली ते आधी नाव वाचून खात्री करा.

प्रश्न : निफाड तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे दहा-बारा गुंठे लसूणघास कायम असतो, दोन म्हशी तीन गाया आहेत. पोरगा मोबाइलवर दाखवतो की हाच घास वाळवून पावडर करून काचेच्या बरणीत केवढ्याला विकतात, आपण गायीला घालतो. म्हणतो आपण पण घरी वाळवून खाऊ आणि जमलं तर विकू. माणसाने खाल्ला तर चालतो का ताई?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मजा आली, आणि पोराचं डोकं चाललंय ही चांगलीच गोष्ट आहे. पीक म्हणून लसूणघास भारी आहे यात वादच नाही. शेंगवर्गातला असल्यामुळे हवेतलं नत्र जमिनीत धरतो, मुळं खोल जातात म्हणून पाण्याचा ताण सोसतो, एकदा लावला की तीन-चार वर्ष कापत राहा, राहुरीच्या विद्यापीठाचा आरएल-88 वाण तर तुमच्याकडे बहुतेकांना माहीत असेल. वाळल्या वजनावर 18-20 टक्के प्रोटीन असतं, म्हणूनच दुधाला चांगला. पण गाय तो किलोंनी खाते आणि तिच्या पोटात चोथा आंबवून पचवायची सोय आहे, आपल्या पोटात नाही. आपण किलो सोडा, दोन चमच्यांच्या वर खाऊच शकत नाही, चवच तशी आहे, आणि दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅममध्ये प्रोटीन येणार दोन ग्रॅम. एका अंड्यात सहा असतं, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ. बाकी नुसता ओला घास जास्त खाल्ला तर जनावराचंसुद्धा पोट फुगतं, म्हणून तुम्ही कडबा मिसळता, ते मी तुम्हाला काय सांगायचं.

कोवळे शेंडे खुडून कधीतरी भाजीत, पिठल्यात, थालीपिठात घातले तर तब्येत चांगली असलेल्या माणसाला काही होत नाही. पण रानातला घास घरच्यांना खायला द्यायचा असेल तर तीन-चार गोष्टी बघा. मावा-अळीला फवारणी केली असेल तर जनावरासाठी जेवढे दिवस थांबता तेवढ्यावर भागवू नका, खायचा पट्टा वेगळाच ठेवा आणि त्यावर फवारूच नका. शेणाची स्लरी सोडली असेल तर त्या कापणीचा पाला कच्चा खायचा नाही. घासात अमरवेल शिरते ते तुम्हाला माहीतच आहे, पिवळ्या दोऱ्यासारखी, ती पावडरीत जाता कामा नये. वाळवायचा तर सावलीत, जाळीवर, जमिनीपासून उंच, खळ्यावर पसरून वाळवला की माती आणि बुरशी दोन्ही येते आणि पावडर केल्यावर काहीच दिसत नाही.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही, कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या पेरणीच्या बियाण्याला मोड आणून खायचे नाहीत. त्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं, पिशवीवर तसं लिहिलेलंही असतं, पण पोरं रील बघून वाटीत भिजत घालतात.

विकायचं म्हणाल तर एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) नंबर, लॅबमधून फवारणीच्या औषधांचे अंश तपासणं, पॅकिंग हे सगळं आलं आणि त्याशिवाय विकलेली पावडर कुणाला बाधली तर ते तुमच्या अंगावर येईल. मला विचाराल तर घास म्हशींनाच घाला, त्याचं दूध करा आणि बांधावर चार शेवगे लावा. शेवग्याचा पाला माणसं पिढ्यान्पिढ्या भाजी करून खातायत, शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सहा ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि शंभर ग्रॅम आपण भाजी म्हणून खरंच खाऊ शकतो, शेंगा विकल्या जातात ते वेगळंच.

प्रश्न : गंगापूर रोडला जिम करतो, वय 24. आमचा ट्रेनर म्हणतो अल्फाल्फा स्प्राउट्स रोज एक मोठा बोल कच्चे खा, सुपरफूड आहे, प्रोटीन मिळतं. घरीच बरणीत उगवतो. आई म्हणते कच्चं खाऊ नको. कोण बरोबर?

उत्तर : आई. आणि ट्रेनरला प्रोटीनचा आकडा पण विचार, कारण शंभर ग्रॅम अल्फाल्फाच्या मोडात जेमतेम चार ग्रॅम प्रोटीन असतं, बाकी बहुतेक पाणी. कॅलरी 23. वजन कमी करताना पोट भरायला ठीक, मसल्ससाठी नाही. त्यापेक्षा एक वाटी मटकीची उसळ किंवा दोन अंडी बरी.

कच्च्या मोडांचा मुद्दा जरा नीट समजून घे. बी भिजवून ऊबदार ओलाव्यात दोन-तीन दिवस ठेवायचं म्हणजे मोड वाढतात तसेच जंतूपण वाढतात, साल्मोनेला, ई. कोलाय. बियाच्या चिरेत बसलेले जंतू धुतल्याने निघत नाहीत, म्हणून "मी तर तीनदा धुतो" याला अर्थ नाही. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलायची साथ आली होती, जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासच्या वर माणसं गेली, आणि ते स्वच्छ चकचकीत देशात झालं. अमेरिकेत अल्फाल्फाच्या मोडांमुळे कितीतरी वेळा साल्मोनेलाच्या साथी आल्यात, तिथे गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चे मोड खाऊच नका असं सरकारच सांगतं. आपल्याकडे मोड रोज खाल्ले जातात पण शिजवून. नाशिकला रविवारी सकाळी जेवढी मिसळ खपते त्यातली मटकी उकळूनच येते, तर्री कितीही झणझणीत असो, आजीची पद्धत त्या बाबतीत एकदम बरोबर होती.

अजून एक, अल्फाल्फाच्या बियांत आणि मोडांत कॅनाव्हनिन नावाचं एक द्रव्य असतं, ते अमिनो आम्लासारखं दिसतं आणि शरीर फसतं. 1982 साली सायन्स या संशोधनपत्रिकेत माकडांवरचा अभ्यास आला होता, मोड खाऊ घातलेल्या माकडांना ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) आजार झाला. त्याच्या आदल्या वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत एका माणसाची केस आली, कोलेस्टेरॉलसाठी हेच बी भरपूर खात होता आणि त्याच्या रक्तातल्या सगळ्याच पेशी कमी झाल्या, बी बंद केल्यावर पूर्ववत झाल्या. सँडविचमध्ये कधीतरी चिमूटभर मोड आले म्हणून असं काही होत नाही, पण "रोज एक मोठा बोल" ही सवय कशाला लावून घेतोस.

प्रश्न : नाशिकरोड. माझी मुलगी 5 वर्षांची, वजन 16 किलो, काही खातच नाही. शेजारच्या वहिनींनी अल्फाल्फा टॉनिक सांगितलं, त्यांच्या मुलाला खूप भूक लागायला लागली म्हणे. होमिओपॅथी आहे म्हणजे सेफच ना?

उत्तर : बाटली उलटी करून आधी मागचं लेबल वाचा. ही टॉनिकं अल्फाल्फाच्या मूळ अर्कापासून करतात आणि तो अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, त्यामुळे बऱ्याच बाटल्यांवर अल्कोहोलचं प्रमाण टक्क्यात छापलेलं असतं, बारीक अक्षरात. साखरेचा पाकही असतो. लहान मुलांसाठी वेगळी बाटली मिळते पण तीही वाचूनच घ्या, आणि मोठ्यांची बाटली "अर्धा चमचा दे" करून मुलांना देऊ नका. त्याने भूक वाढते याचा भरवशाचा पुरावा काही नाही. शेजारच्या मुलाची भूक टॉनिकने वाढली की परीक्षा संपून मैदानात खेळायला लागला म्हणून वाढली, कोण सांगणार.

मला तर 16 किलो वाचून फार चिंता वाटली नाही. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात या वयाच्या मुलीचं सरासरी वजन 18 च्या आसपास आहे, तुमची थोडी खाली आहे पण धोक्याच्या रेषेच्या बरीच वर आहे. एकदा वजन करून उपयोग नाही, गेल्या वर्षीचं किती होतं ते बघा, वर्षात दीड-दोन किलो वाढली असेल तर ती पुरेसं खातेय, फक्त तुमच्या मनासारखं खात नाहीये. वाढलीच नसेल, सारखा खोकला-जुलाब असतील, चेहरा पांढरा वाटत असेल तर मुलांच्या डॉक्टरांकडे न्या.

घरी बघायचं म्हणजे दूध किती पिते ते. दिवसाला तीन-चार कप दूध, त्यात चॉकलेट पावडर, मध्ये दोन बिस्किटं, मग कुरकुरीत पाकीट, एवढ्यावर पाच वर्षांच्या पोटात जेवायला जागा राहतेच कुठे. दूध दोन कपांवर आणा. जंताची गोळी शाळेत-अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात, ती चुकली नाहीये ना बघा. आणि मागे ताट घेऊन धावणं बंद करा, हे मात्र माझं ऐकाच, अर्ध्या तासात जेवली नाही तर ताट उचला, एखाद्या जेवणाने काही बिघडत नाही.

प्रश्न : पंचवटी, वय 51, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 168. डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात. मी वाचलं की अल्फाल्फाने कोलेस्टेरॉल उतरतं हे रिसर्चमध्ये सिद्ध झालंय, मग कॅप्सूल घेऊन तीन महिने बघू का?

उत्तर : तुम्ही वाचलंत ते पूर्ण खोटं नाही. 1987 साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या 15 जणांना आठ आठवडे हे बी दिलं आणि एलडीएल खरंच उतरलं. बियातली सॅपोनिन नावाची द्रव्यं आतड्यात कोलेस्टेरॉलला धरून ठेवतात असं त्यामागचं कारण मानतात. पण त्यांनी किती दिलं ते जाहिरातीत येत नाही. 40 ग्रॅम भाजलेलं बी, दिवसातून तीन वेळा, जेवणाबरोबर. रोजचं 120 ग्रॅम! तुमची कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची, म्हणजे त्या वजनाला पोचायला 240 कॅप्सूल रोज, आणि तीही बहुतेक पानाची, बियाची नाहीच. वर कॅनाव्हनिनचं आत्ताच लिहिलंय तेही बियातच असतं, त्यामुळे बी विकत आणून किलोने खाणं हाही उपाय नाही.

168 ला गोळी लगेच हवी की आधी आहार-व्यायाम करून बघायचा हे तुमचं बीपी, शुगर, सिगरेट आणि घरात कुणाला लवकर हार्ट अॅटॅक आलाय का यावर ठरतं. डॉक्टरांना सरळ विचारा, मला तीन महिने देता का. दिले तर त्या तीन महिन्यात जे खरंच थोडंफार काम करतं ते करा, इसबगोल रोज दोन चमचे भरपूर पाण्याबरोबर, ओट्स किंवा डाळी-उसळी जास्त, जवसाची चटणी, आणि वनस्पती तूप, बेकरीची नानकटाई, खारी बंद. रोज सकाळी चाला, तपोवनाकडे मोकळी जागा आहेच. नाही उतरलं तर गोळी घ्या आणि त्याचं मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : देवळाली कॅम्प. बहिणीला ल्युपस (एसएलई) आहे, औषधं चालू आहेत, सध्या बरी आहे. अशक्तपणासाठी अल्फाल्फा देऊ का?

उत्तर : नाही, गोळी, पावडर, मोड, बी, काहीच नाही. वर माकडांचं लिहिलंय ते याच आजाराबद्दल, आणि ल्युपस शांत असलेल्या माणसांना अल्फाल्फाच्या गोळ्यांनी आजार परत उसळल्याच्याही नोंदी आहेत. किडनी बदललेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घेणाऱ्या सगळ्यांना हेच उत्तर. इतर ऑटोइम्यून आजार असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. अशक्तपणा वाटत असेल तर तिचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी बघायला सांगा.

प्रश्न : सिन्नर. सून बाळंतीण होऊन दीड महिना झाला, दूध कमी पडतं. एक जण म्हणाली अल्फाल्फाने गायीला दूध येतं तसं बाईलाही येतं.

उत्तर : काकू, गायीला दूध येतं ते भरपूर प्रोटीन पोटात जातं म्हणून. सुनेला पोटभर जेवू द्या, वरण-भात, भाकरी, तूप, भाज्या, डिंकाचे-हळिवाचे लाडू आवडत असतील तर ते. अल्फाल्फात इस्ट्रोजेनसारखी वनस्पतिद्रव्यं असतात, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना सप्लिमेंट म्हणून ती टाळलेली बरी. दूध वाढतं ते बाळाने वरचेवर आणि नीट तोंड धरून ओढल्याने, वरचं दूध चालू केलंय का ते मला नाही लिहिलंत, केलं असेल तर तेच कारण असू शकतं. बाळ दिवसाला सहा-सात वेळा लघवी करतंय आणि वजन वाढतंय ना? मग दूध पुरतंय. नसेल तर बाळाला दाखवा, आणि पाजताना कसं धरायचं ते नर्सकडून एकदा समोर बसून शिकून घ्या. (ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनीही या इस्ट्रोजेनच्या कारणासाठी अल्फाल्फा लांब ठेवा.)

प्रश्न : कॉलेज रोड, वय 58, तब्येत तशी ठणठणीत, फक्त थायरॉइडची गोळी चालू आहे आणि गुडघे थोडे कुरकुरतात. कॅल्शियमसाठी अल्फाल्फा घ्यायला सुरुवात केली, डबी संपत आलीय. आता पुढची घेऊ की नको? आणि घ्यायचीच तर कुठली?

उत्तर : हौस असेल तर घ्या, नुकसान होईल असं तुमच्या पत्रात मला काही दिसत नाही, पण कॅल्शियमसाठी घेऊ नका. पाच ग्रॅम पावडरीतून साठ-सत्तर मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल आणि तुम्हाला रोज निदान 1000 लागतं. एका नाचणीच्या भाकरीत, पन्नास ग्रॅम पीठ धरलं तर, 170 च्या आसपास जातं, कपभर दह्यात दोनशेच्या वर. तीळ, राजगिरा आहेतच. आणि कुरकुरणारे गुडघे बहुतेकवेळा कॅल्शियमचे नसतातच, मांडीचे स्नायू ढिले पडलेले असतात, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम फिजिओकडून शिका.

डबी घ्यायचीच तर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर बघा, त्यावर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं छापलेलं असतं तेही बघा, म्हणजे कंपनी स्वतःच लिहून देते की हे औषध नाही, आणि त्याच डबीवर किंवा विकणाऱ्याच्या तोंडी शुगर बरी, लिव्हर साफ, गाठ विरघळते असं असेल तर ती डबी खाली ठेवा. पानाची आहे की बियाची ते लिहिलेलं हवं. होमिओपॅथीच्या बाटलीवर हा एफएसएसएआय नंबर नसतो, तिथे औषधाचा लायसन्स नंबर असतो, त्यामुळे नसला तर घाबरू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगूनच सुरू करायचं, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना अशा सगळ्या डब्यांची नावं सांगायची, लपवायची नाहीत.

तुमची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर एकटीच जाऊ द्या, नाश्ता अर्ध्या-एक तासाने. ही पावडर, कॅल्शियम, लोह जे काही असेल ते तिच्यापासून चार तास लांब, म्हणजे सरळ दुपारच्या जेवणानंतर. आणि ही डबी सुरू केल्यापासून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासला नसेल तर एकदा तपासून घ्या.